गिरणीच्या दाराशी : डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि मुंबईतील कामगारांचे संप

उद्दिष्टे

हा भाग अभ्यासल्यानंतर तुम्हाला :
– डॉ. आंबेडकरांच्या जीवनकार्यातील कामगारविषयक भूमिकेचा क्रम सांगता येईल.
– १९२८, १९२९ आणि १९३८ या तीन संपांबाबत त्यांनी वेगवेगळे निर्णय का घेतले, हे स्पष्ट करता येईल.
– संपात सहभागी व्हावे की कामावर जावे, या प्रश्नाची अस्पृश्य कामगाराच्या दृष्टीने चिकित्सा करता येईल.

१. प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे चरित्र तुम्हाला अपरिचित नाही. महाडचा सत्याग्रह, पुणे करार, राज्यघटना आणि धर्मांतर हे त्यातील ठळक टप्पे शालेय जीवनापासून आपल्या परिचयाचे असतात. थोर व्यक्तीचे जीवन असे मोजक्या प्रसंगांत बांधले गेले, की त्या प्रसंगांमधील कठीण निर्णय मात्र नजरेआड होतात. म्हणून या भागात आपण त्यांच्या जीवनातील एकच धागा हाती घेणार आहोत. तो धागा मुंबईच्या गिरणी कामगारांचा आणि त्यांच्या संपांचा आहे.

संप सुरू असताना गिरणीच्या दाराशी उभ्या असलेल्या कामगारापुढे एक प्रश्न असतो. पिकेटिंग करणाऱ्या सहकाऱ्यांची रांग ओलांडून आत जावे, की त्यांच्यासोबत बाहेर उभे राहावे? घरातील चूल एकीकडे ओढते आणि सोबत्यांशी असलेली बांधिलकी दुसरीकडे. अस्पृश्य मानल्या गेलेल्या कामगाराच्या बाबतीत यात आणखी एका प्रश्नाची भर पडत होती. जे सहकारी आज एकजुटीचे आवाहन करीत आहेत, त्यांनी आपल्याला एरवी बरोबरीचे मानले आहे काय? डॉ. आंबेडकरांनी या तिसऱ्या प्रश्नाला सार्वजनिक वाचा फोडली. त्याचे उत्तर शोधताना त्यांनी दहा वर्षांत तीन निर्णय घेतले. वरवर पाहता ते परस्परविरोधी वाटतात. तसे ते आहेत काय, हे आपल्याला तपासायचे आहे.

२. परळमधील जडणघडण

भीमराव आंबेडकर यांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. वडील रामजी सकपाळ लष्करात सुभेदार होते. निवृत्तीनंतर काही वर्षे साताऱ्यात काढून हे कुटुंब मुंबईस आले आणि लोअर परळच्या डबक चाळीत राहू लागले. पुढे परळच्याच इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत त्यांचे बिऱ्हाड झाले. म्हणजे ज्या वस्तीचा दिवस गिरणीच्या भोंग्याने सुरू होई आणि भोंग्यानेच मावळे, त्या वस्तीत भीमरावांचे विद्यार्थिजीवन गेले. १९१३ मध्ये बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीवर ते अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथील आणि नंतर लंडनमधील अर्थशास्त्राचा अभ्यास करून, बॅरिस्टरची सनद घेऊन ते १९२३ मध्ये परतले. परतल्यावरही त्यांनी परळची चाळ सोडली नाही आणि कार्यालय तेथीलच दामोदर हॉलमध्ये थाटले. कामगारवस्तीचा त्यांचा परिचय पुस्तकी नव्हता, ही गोष्ट तुम्ही लक्षात ठेवावी.

त्यांच्या अर्थशास्त्रीय लेखनातील एक मुद्दा येथे महत्त्वाचा आहे. भारतातील लहान शेतजमिनींच्या प्रश्नावर १९१८ मध्ये लिहिलेल्या निबंधात त्यांनी शेतीवर अवलंबून असलेली जादा माणसे उद्योगधंद्यांकडे वळवावीत, असे प्रतिपादन केले होते. अस्पृश्य समाजाच्या दृष्टीने या विचाराला विशेष अर्थ होता. गावात जमीन नाही, वतनाची कामे सुटत नाहीत आणि गावकीचा जाच टळत नाही, अशा माणसाला शहर आणि कारखाना हा सुटकेचा मार्ग होता. यंत्र जात विचारीत नाही, अशी अपेक्षा त्यामागे असणे स्वाभाविक होते. मुंबईच्या गिरण्यांनी मात्र ही अपेक्षा पूर्ण केली नाही.

३. साचेखात्याचे बंद दार

गिरणीत कापसाचे कापड होईपर्यंत अनेक खाती असतात. त्यांपैकी सूत कातण्याच्या खात्यांत अस्पृश्य कामगारांना काम मिळे. सफाईची आणि कष्टाची हलकी मानलेली कामेही त्यांच्याच वाट्याला येत. विणकामाच्या खात्यात, म्हणजे कामगारांच्या बोलीत साचेखात्यात, त्यांना प्रवेश नव्हता. वस्तुतः गिरणीतील अधिक मजुरीचे काम तेच होते.

या बंदीचे कारण एका छोट्या क्रियेत दडलेले होते. मागावर धोटा सतत इकडून तिकडे धावत असतो. धोट्यातील कांडीवरचे सूत संपले की विणकर नवी कांडी बसवतो आणि सुताचे टोक धोट्याच्या छिद्रातून बाहेर काढण्यासाठी छिद्राला तोंड लावून ते ओढून घेतो. एकाच साच्यावर वेगवेगळ्या वेळी वेगवेगळे कामगार काम करीत. त्यामुळे एकाने तोंड लावलेला धोटा दुसऱ्याच्या तोंडाशी जाणारच. अस्पृश्याने तोंड लावलेल्या धोट्याला आपण तोंड लावणार नाही, अशी सवर्ण विणकरांची भूमिका होती. अशा प्रकारे गावातील पाणवठ्यावरचा विटाळ मुंबईच्या यंत्रापर्यंत येऊन पोहोचला होता.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. ही बंदी कोणत्याही कायद्यात नव्हती. ती सहकारी कामगारांच्या विरोधामुळे टिकून होती, कामगारांची भरती करणारे जॉबर ती सांभाळत होते आणि मालकांना ती मोडण्यात काहीही स्वारस्य नव्हते. पुढे १९३६ मध्ये, लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी तयार केलेल्या परंतु प्रत्यक्ष न झालेल्या भाषणात, डॉ. आंबेडकरांनी जातिव्यवस्था कामाबरोबरच काम करणाऱ्यांचीही उतरंड लावते, हा विचार मांडला. त्याची प्रचीती त्यांना परळमध्ये कितीतरी आधी आली होती.

४. १९२८ : एकजुटीची अट

१९२८ च्या एप्रिलमध्ये मुंबईच्या कापड गिरण्यांत सार्वत्रिक संप सुरू झाला. एका विणकराने दोनऐवजी तीन साचे चालवावेत, एका कामगाराने अधिक चात्यांकडे पाहावे, अशा योजना मालकांनी आणल्या होत्या. त्यांमुळे कामाचा ताण वाढणार होता आणि अनेकांची नोकरी जाणार होती. सुमारे दीड लाख कामगार बाहेर पडले आणि संप जवळजवळ सहा महिने, ऑक्टोबरपर्यंत, टिकला. याच काळात कॉम्रेड डांगे, मिरजकर, निंबकर, जोगळेकर आदींच्या पुढाकाराने गिरणी कामगार युनियन उभी राहिली. ना. म. जोशी यांची मवाळ वळणाची संघटना आणि ही नवी युनियन यांनी संयुक्त संप समिती स्थापन केली आणि समितीने मालकांपुढे सतरा मागण्या ठेवल्या.

डॉ. आंबेडकर या वेळी मुंबई कायदेमंडळाचे नियुक्त सदस्य होते. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह होऊन एक वर्ष उलटले होते. संप सुरू असतानाच, जुलै १९२८ मध्ये, स्त्री कामगारांना प्रसूतिकाळात आर्थिक लाभ देणाऱ्या विधेयकाला त्यांनी कायदेमंडळात पाठिंबा दिला. त्यामुळे कामगारांच्या हिताविषयी ते उदासीन होते, असे म्हणण्यास जागा नाही. संपाबाबत मात्र त्यांनी एक अट घातली. साचेखात्यासह सर्व खाती अस्पृश्य कामगारांना खुली करावीत, या मागणीचा समावेश संप समितीने आपल्या मागण्यांत करावा. तसे न झाल्यास अस्पृश्य कामगारांनी संपापासून दूर राहावे, असा प्रचार आपण करू, असे त्यांनी नेत्यांना कळवले.

समितीने नाखुशीने ही मागणी स्वीकारली. ती मालकांपुढे गेली तेव्हा मालकांनी हा दोष आपला नसल्याचे सांगून हात झटकले. त्यांच्या उत्तरात सोयीस्कर पळवाट होती हे खरे आहे, कारण भरतीचा अधिकार अखेर त्यांचाच होता. परंतु त्या उत्तरातील अर्धे सत्य कामगार चळवळीला बोचणारे होते. विटाळ पाळणारे हात मालकांचे नव्हते, ते कामगारांचेच होते.

भाषेचे विद्यार्थी म्हणून येथे तुम्ही 'संप' या शब्दाकडेही पाहावे. आज मराठीत या शब्दाचा अर्थ काम बंद ठेवणे एवढाच उरला आहे. आपल्या शेजारच्या गुजराती भाषेत मात्र 'संप' म्हणजे ऐक्य, सलोखा. आधी एकी आणि मग त्या एकीच्या बळावर कामबंदी, असा या दोन अर्थांमधील दुवा आहे. डॉ. आंबेडकरांनी संप समितीला विचारलेला प्रश्न, या शब्दाच्या आधाराने सांगायचा तर, असा होता : दुसऱ्या अर्थाचा संप मागणाऱ्यांनी पहिल्या अर्थाचा संप केला आहे काय?

५. १९२९ : कामावर जाण्याचा सल्ला

सहा महिन्यांच्या संपाने कामगारवस्ती पोखरून निघाली. वाण्याची उधारी थकली, खोल्यांची भाडी राहिली, पठाण सावकारांच्या व्याजाचा फास आवळला. संपाच्या काळात अनेक कामगार कोकणात आणि घाटावर आपापल्या गावी गेले होते. ज्यांची थोडीफार शेती होती, त्यांना तेथे दोन वेळचे अन्न मिळू शकले. बहुतांश अस्पृश्य कामगारांना हा आधार नव्हता. गावी परतणे म्हणजे ज्या जाचातून सुटका करून घेतली, त्यातच पुन्हा शिरणे होते.

१९२९ चे वर्ष तणावातच उजाडले. फेब्रुवारीत मुंबईत हिंदू-मुस्लिम दंगल झाली. मार्चमध्ये मीरत कटाच्या खटल्यासाठी गिरणी कामगार युनियनचे प्रमुख नेते पकडले गेले. एप्रिलच्या अखेरीस युनियनने पुन्हा सार्वत्रिक संपाची हाक दिली. ना. म. जोशी यांच्या संघटनेने या संपास साथ दिली नाही आणि डॉ. आंबेडकरांनी अस्पृश्य कामगारांना कामावर जाण्याचा सल्ला दिला.

आता तुम्ही क्षणभर त्या कामगाराच्या जागी उभे राहून पाहा. तो सूतखात्यात काम करतो. गेल्या वर्षी तो सहा महिने सर्वांबरोबर उपाशी राहिला. आता दारावर त्याच्याच चाळवस्तीतील माणसे पहारा देत आहेत. आत गेला तर तो संपफोड्या ठरेल. या शब्दाचा डाग मराठी कामगारवस्तीत सहज पुसला जात नसे. बाहेर राहिला तर सावकार दारात येईल आणि त्याची जागा दुसरा बदली कामगार घेईल. शिवाय संप यशस्वी झाला, तरी साचेखात्याचे दार त्याच्यासाठी उघडेलच याची हमी कोणीही देत नव्हते. त्याच्या मनात उभे राहिलेले द्वंद्व भित्रेपणाचे होते असे म्हणता येणार नाही, आणि आत जाण्याने इतर कामगारांचे नुकसान होणार नव्हते असेही म्हणता येणार नाही.

डॉ. आंबेडकरांच्या सल्ल्यामागे दोन कारणे होती. पहिले कारण आर्थिक होते. लागोपाठ दुसरा दीर्घ संप सोसण्याची ताकद या कामगारांत उरलेली नव्हती. दुसरे कारण राजकीय होते. कम्युनिस्ट नेते कामगारांची स्थिती सुधारण्यापेक्षा आपल्या राजकीय उद्दिष्टांसाठी संपाचा वापर करीत आहेत, असे त्यांचे मत झाले होते.

या निर्णयावर टीका झाली आणि ती पूर्णपणे निराधार नव्हती. संपाच्या काळात जो कामावर जातो, तो कोणत्याही हेतूने गेला तरी त्याचा लाभ मालकाला मिळतो. नेते तुरुंगात असलेल्या युनियनचा संप मोडण्यास अनेक कारणे होती, परंतु कामगारांमधील ही फूट हे त्यांपैकी एक होते. सप्टेंबरपर्यंत संप संपुष्टात आला आणि युनियन दीर्घकाळ खिळखिळी झाली. चरित्रनायकाविषयी आदर असणे म्हणजे त्याच्या निर्णयाची किंमत न मोजणे नव्हे. ही किंमत डोळ्यांसमोर ठेवूनच हा निर्णय समजून घ्यावा लागतो.

या कोंडीतून वेगळी वाट काढणारी माणसेही होती. महाडच्या परिषदेच्या आयोजनात पुढाकार घेणारे रामचंद्र बाबाजी मोरे हे डॉ. आंबेडकरांचे निकटचे सहकारी होते. १९३० च्या सुमारास ते कम्युनिस्ट पक्षात गेले. जातीविरुद्धचा लढा आणि वर्गाचा लढा या दोन्ही गोष्टी एकाच आयुष्यात वागवण्याचा प्रयत्न त्यांनी केला आणि बाबासाहेबांविषयीचा आदरही शेवटपर्यंत जपला. दोन बाजूंपैकी एक निवडावीच लागते, हे गृहीतक त्यांच्या उदाहरणाने सैल होते.

६. १९३८ : स्वतः संपाच्या अग्रभागी

१९३६ च्या ऑगस्टमध्ये डॉ. आंबेडकरांनी स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन केला. पक्षाच्या नावात जात नव्हती, मजूर होता. १९३७ च्या निवडणुकीनंतर मुंबई विधानसभेत या पक्षाचे लक्षणीय अस्तित्व निर्माण झाले. कोकणातील खोती पद्धती रद्द करण्याचे विधेयक बाबासाहेबांनी मांडले आणि जानेवारी १९३८ मध्ये शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत नेला. त्यात कम्युनिस्ट कार्यकर्तेही सामील होते. दहा वर्षांपूर्वीचा दुरावा कामाच्या निमित्ताने कमी होत होता.

फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाड येथे रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद झाली. तेथे त्यांनी ब्राह्मण्य आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू असल्याचे सांगितले. ब्राह्मण्य या शब्दाने त्यांना एखादी जात अभिप्रेत नव्हती. समता आणि बंधुता नाकारणारी वृत्ती त्यांना अभिप्रेत होती आणि ती सर्व जातींत असू शकते, असे त्यांचे म्हणणे होते. गिरणीत साचेखात्याचे दार ज्या वृत्तीने बंद केले, तीच वृत्ती रेल्वेत अस्पृश्याला गँगमनच्या कामापलीकडे जाऊ देत नव्हती.

त्याच वर्षी बाळासाहेब खेर यांच्या काँग्रेस मंत्रिमंडळाने औद्योगिक कलह विधेयक आणले. तडजोडीची ठरावीक प्रक्रिया पूर्ण होण्यापूर्वी केलेला संप या विधेयकानुसार बेकायदेशीर ठरणार होता आणि कामगार शिक्षेस पात्र होणार होता. सप्टेंबर १९३८ मध्ये विधानसभेत बोलताना डॉ. आंबेडकरांनी त्यास कडाडून विरोध केला. त्यांच्या युक्तिवादाचा गाभा असा होता : काम करण्याचा करार मोडणे ही दिवाणी बाब आहे, तिला गुन्हा ठरवणे म्हणजे माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध राबवणे होय. ज्याला काम नाकारता येत नाही, तो गुलाम असतो. म्हणून संपाचा हक्क हा माणसाच्या स्वातंत्र्याचाच भाग आहे.

गावकीने लादलेली कामे नाकारण्याचा अधिकार ज्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या मिळाला नाही, त्या समाजाच्या नेत्याने हा युक्तिवाद करावा, यात मोठी संगती आहे. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्टांच्या नेतृत्वाखालील कामगार संघटना यांनी एकत्र येऊन एक दिवसाचा संप केला. डांगे आणि आंबेडकर या वेळी एका बाजूला होते. बाबासाहेबांनी स्वतः कामगारभागातून फेरी काढली आणि त्यांच्या पक्षाचे स्वयंसेवक संपाच्या व्यवस्थेत उतरले. पोलिसांनी गोळीबार केला. विधेयक कायदा होण्यापासून रोखता आले नाही. तरीही १९२९ मध्ये ज्यांना संपफोडे म्हटले गेले, तेच या दिवशी दारावर पहारा देत होते, हे विसरता येणार नाही.

७. मजूरमंत्री आणि उत्तरकाळ

जुलै १९४२ मध्ये डॉ. आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य झाले. सरकार, मालक आणि कामगार यांना एका मेजाशी बसवणाऱ्या त्रिपक्षीय परिषदा त्यांच्या काळात भरू लागल्या. मालकांनी कामगार संघटनांना मान्यता देणे सक्तीचे करणारे विधेयक त्यांनी मांडले. १९४६ मध्ये कारखाने कायद्यातील दुरुस्तीने कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. युद्धकाळातील नियमांनी संपावर बंधने घातली होती आणि त्या सरकारचे ते सदस्य होते, याचीही नोंद येथे करायला हवी.

पुढे राज्यघटनेत अस्पृश्यता नष्ट करणारे, सक्तीच्या मजुरीस मनाई करणारे आणि संघटना स्थापन करण्याचे स्वातंत्र्य देणारे अनुच्छेद आले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी त्यांनी नागपूर येथे बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. दुसऱ्या दिवशी दादरच्या समुद्रकिनारी त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले तेव्हा गिरणगावातील कामगार लोटला होता.

८. सारांश

१९२८ मध्ये सशर्त सहभाग, १९२९ मध्ये विरोध आणि १९३८ मध्ये नेतृत्व, अशा तीन भूमिका आपण पाहिल्या. त्यांमागील कसोटी मात्र एक होती. या लढ्यात सर्वांत खालच्या कामगाराला बरोबरीचे स्थान आहे काय, आणि लढ्याची किंमत त्याच्या कुवतीबाहेर तर जात नाही ना, हे डॉ. आंबेडकर प्रत्येक वेळी विचारीत राहिले. ज्या लढ्यात ही कसोटी उतरली, त्यात ते पुढे होते. जेथे ती उतरली नाही, तेथे त्यांनी अप्रिय होण्याची तयारी ठेवली.

तुम्हांपैकी अनेक जण नोकरी करीत शिकत आहात. एखाद्या संघटनेत, एखाद्या आंदोलनात तुमच्यापुढेही असा प्रसंग आला असेल किंवा येईल. अशा वेळी सहकाऱ्याला फुटीर ठरवण्यापूर्वी, आपल्या एकीत त्याला आजवर कोणती जागा होती, हे आधी तपासून पाहावे.

९. शब्दार्थ

साचा : (गिरणीतील) कापड विणण्याचा माग.
धोटा : मागावर आडवे सूत वाहून नेणारे साधन.
कांडी : धोट्यात बसवलेली सुताची नळी.
चाती : सूतकताईच्या यंत्रावर सुताला पीळ देऊन ते गुंडाळणारा फिरता दांडा.
जॉबर : कामगारांची भरती करणारा व त्यांच्यावर देखरेख ठेवणारा मुकादम.
बदली कामगार : कायम कामगाराच्या गैरहजेरीत रोजावर घेतला जाणारा कामगार.
संपफोड्या : संप सुरू असताना कामावर जाणारा.

१०. स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. साचेखात्यात अस्पृश्य कामगारांना प्रवेश नसण्याचे कारण स्पष्ट करा.
२. १९२८ च्या संपाबाबत डॉ. आंबेडकरांनी कोणती अट घातली आणि तिचा परिणाम काय झाला?
३. १९२९ मधील त्यांच्या सल्ल्याचे समर्थन आणि त्यावरील आक्षेप, दोन्ही बाजूंनी लिहा.
४. संपाचा हक्क आणि माणसाचे स्वातंत्र्य यांचा संबंध १९३८ च्या संदर्भात विशद करा.
५. उपक्रम : तुमच्या परिसरातील एखाद्या निवृत्त कामगाराला भेटून त्याच्या कामाच्या ठिकाणी वापरात असलेल्या वीस शब्दांची अर्थासह नोंद करा.